किल्ली काढली तरी

"माझ्यात काय कमी हाय, ते एकदा सांगा वस्ताद. चारचौघांत सांगा."

कस्तुरानं हे विचारलं तेव्हा अंगणात पेढे वाटून नुकते झाले होते.

दस्तगीर वस्ताद खाटेवर बसले होते. त्यांनी आपल्या हातातला पेढा अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला.



मिरजेत स्टेशनच्या मागच्या रस्त्याला, एका जुन्या चिंचेखाली वस्तादांचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दोष सांगायचा, ही वस्तादांची ख्याती. तेवढ्यावर जिल्हाभरातल्या गाड्या येत.

आत भिंतीवर बारा खिळे होते. वस्तादांच्या वस्तादांनी, म्हणजे रेल्वेच्या लोकोशेडमधल्या एका म्हाताऱ्या फिटरनं दिलेले बारा पाने तिथं टांगलेले असत. प्रत्येकावर कानशीनं मारलेल्या तीन खाचा. शागीर्द तयार झाला की वस्ताद त्यातला एक पाना उतरवून त्याच्या हातात ठेवत. तो पाना शागीर्दानं आपल्या दाराला टांगायचा. मग गिऱ्हाईक दुसरं काही विचारत नसे.

पाना नसेल तर खुशाल पंक्चर काढत बसावं.

आणि पाना मागायचा नसतो, ही तिथली रीत.

त्या दिवशी सकाळी अकरावा पाना हणमंताला मिळाला. हणमंताला येऊन दोन वर्षं झाली होती. कस्तुराला सात.

भिंतीवर आता एकच उरला होता.

"सांगा की," कस्तुरा म्हणाली. "हात जड हाय? कान कच्चा हाय? का बाई हाय म्हणून?"

हणमंत जवळच उभा होता. पोरगा मनानं चांगला. त्यानं पाना पुढं केला.

"अक्का, माझा घे की."

"तुझा घेऊन काय करू? लोणचं घालू?"

हणमंतानं हात मागं घेतला.

कस्तुरा लोहाराची लेक. शिरोळ रस्त्याला तिच्या बापाचा भाता होता. बाप गेला आणि भाता थंड झाला. तिनं ती शेड झाडून काढली, वरचे पत्रे बदलले, जमिनीत खड्डा खणून गाडीखाली उतरायची सोय केली. दाराच्या चौकटीत पान्यासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला. त्याला तीन वर्षं झाली. खिळा गंजला. बाईच्या हातात गाडी द्यायला कोण धजणार? वस्तादांचा पाना त्या खिळ्याला असता तर धजले असते. तिला दुसरं काही नको होतं.

वस्तादांनी नाही असं कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणत, हात जरा हलका होऊ दे. मग म्हणाले, पावसाळा जाऊ दे. मग, साखर कारखान्याच्या लॉऱ्यांचं काम उरकू दे. मग कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, रमजान, दिवाळी. आणि कस्तुरा मूग गिळून बसे, कारण माणूस देवासारखा वाटत होता आणि देवाशी भांडायची तिला सवय नव्हती.

आज पाणी डोक्यावरून गेलं होतं.

"वस्ताद, मी काय विचारलं?"

वस्तादांनी तोंड उघडलं... आणि तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली.

गाडी जुनी, चौकोनी, पांढरी. मालक बाळगोंडा मगदूम. जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी, साठीचे, कमरेला स्वच्छ धोतर आणि चेहऱ्यावर रात्रभर झोप न लागल्याची कळा. त्यांनी गाडी चिंचेखाली लावली. किल्ली फिरवली. किल्ली काढून खिशात टाकली. दार लावून बाहेर आले.

गाडी चालूच.

धड नीट नव्हे. थाड थाड, खोकल्यासारखी, अंग हलवत. पण चालू.

"बघा," मगदूम अण्णा म्हणाले. "दीड महिना झाला. किल्ली माझ्या खिशात आणि ही इथं नाचत्या. काल जैन बस्तीसमोर उभी केली, आत जाऊन दर्शन घेऊन आलो, तरी चालूच. लोक हसाय लागल्यात. मला तर रात्रीचं सपनात बी ऐकू येतंय."

"कुणाला दाखवलीत?"

"तिघांना. तिघांनी किल्लीचं खटकंच बदललं. आता बदलायला किल्ली उरली न्हाई."

वस्ताद उठले. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली. डोळे मिटले. अंगणात सगळे गप्प झाले. हे बघायला लोक चहा सोडून येत.

मग वस्तादांनी डोळे उघडले आणि कस्तुराकडे पाहिलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्या दोघांनीही ती एकमेकांना कधी सांगितली नव्हती.

वस्तादांचा कान गेला होता. तीन वर्षं झाली असतील. चाळीस वर्षं इंजिनांच्या तोंडाशी बसून दुसरं काय होणार? गॅरेजात सगळे ओरडूनच बोलतात, समोरच्याच्या ओठांवरून बाकीचं कळतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कस्तुराच्या आलं. वस्ताद मूठ कानाला लावून डोळे मिटत. उघडले की आधी तिच्याकडे बघत. ती बाजूला उभी राहून नुसत्या कानानं ऐकत असे. व्हॉल्व्हचा आवाज असेल तर वर बघे, बेअरिंगचा असेल तर खाली, आणि पट्ट्याचा असेल तर कमरेला हात लावी. मग वस्ताद दोष सांगत आणि लोक माना डोलावत.

हे कधी ठरलं नव्हतं. आपोआप झालं होतं. तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

आज तिनं मान फिरवली.

ती चिंचेकडे बघत राहिली. वस्ताद मूठ कानाला लावून तसेच उभे...

मगदूम अण्णांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"कस्तुरा," शेवटी वस्ताद म्हणाले. "तू बघ."

"पाना देता?"

हणमंतानं जीभ चावली. वस्तादांशी असं बोलताना आजवर कुणी कुणाला ऐकलं नव्हतं.

"गाडी बंद कर," वस्ताद म्हणाले. "मग बोलू."

"बोलू न्हाई. देऊ म्हणा."

"...बंद तर कर."

कस्तुरा दार उघडून आत बसली. क्लच दाबला, वरचा गिअर टाकला, ब्रेकवर पाय रोवला आणि क्लच सोडून दिला. गाडीनं एक हिसका खाल्ला आणि थंड पडली. हा डाव प्रत्येक ड्रायव्हरला येतो.

"झाली बंद."

"मारलीस," वस्ताद म्हणाले.

"बंदच तर करायची होती."

"नरडं दाबून गप केलेल्याला गप बसलेला म्हणत्यात व्हय?"

कस्तुराच्या कानशिलाची शीर उडाली. तुम्ही सात वर्षं माझं काय करताय मग, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि गाडी पुन्हा चालू केली.

आता ती रागानं काम करू लागली. रागात तिचा हात उलट हलका चालायचा.

किल्ली बंद केली. गाडी थाड थाड करतच राहिली. तिनं बॉनेट उघडून कॉइलची जाड वायर उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. तरी गाडी चालूच.

"किल्लीचा दोष न्हाई. आत ठिणगीच जात न्हाई आता."

"मग कशावर चालतंय?" मगदूम अण्णांनी विचारलं.

"निखाऱ्यावर. आत कार्बन साचलाय. तो तापून लाल झालाय. पेट्रोल आत आलं की त्याच्यावरच पेटतंय."

मगदूम अण्णा बॉनेटवर वाकले. "म्हणजे इंजिन खोलाय लागणार?"

"लागणार," कस्तुरा म्हणाली. "हेड खोलून कार्बन खरवडून काढायचा."

वस्ताद खाटेवर बसले होते. त्यांनी मान हलवली.

"निखारा कुठल्या जुन्या इंजिनात नसतोय, पोरी? माझ्यात हाय. तुझ्यात तर सकाळपासनं दिसायलाय."

"मग?"

"त्याला पेट्रोल कोण पाजतंय, ते बघ."

इतकं बोलून ते उठले आणि गॅरेजात गेले. भिंतीवरचा शेवटचा पाना त्यांनी खिळ्यावरून उतरवला. स्टुलावर बसले, गाडीकडे पाठ करून, आणि फडक्यानं पाना पुसू लागले.

कस्तुरानं ते पाहिलं. तिचा जीव क्षणभर वर आला आणि परत खाली बसला. पुसायला तर त्यांनी गेल्या दिवाळीतही घेतला होता.

तिनं कार्बोरेटरकडे मोर्चा वळवला.

पाय न देता इंजिन किती धावावं, हे ठरवणारा एक बारका स्क्रू तिथं असतो. सगळ्या इंजिनावर तेलाची काळी राप होती. त्या एका स्क्रूची खाच मात्र चकचकीत होती. रोज वापरातल्या भांड्यासारखी.

"अण्णा, हा कुणी फिरवला?"

"मिस्त्रीनं."

"कुठल्या?"

"पहिल्या."

"पहिल्यानं एकदा फिरवला असंल. ही खाच रोज फिरवून झिजल्या. तुमच्या डॅशबोर्डात काय हाय?"

मगदूम अण्णांनी धोतराचा सोगा पुन्हा सारखा केला. मग स्वतःच गाडीत वाकून एक छोटा पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिच्या हातात ठेवला. शाळेत चोरी पकडल्यावर ठेवतात तसा.

"दोन महिन्यांमागं गाडी रेल्वे फाटकात बंद पडली," ते म्हणाले. "बरोब्बर रुळावर. बायको शेजारी बसल्याली. आगगाडी यायला येळ होता, फाटकवाल्यानं ढकलून काढली, काय झालं न्हाई. पण माझं हातपाय गार पडलं. मिस्त्रीला म्हटलं, कायबी कर, पण ही पुन्हा बंद पडाय नको. त्यानं स्क्रू थोडा वर घेतला. मग मला प्रत्येक चौकात वाटायचं, आता पडती, आता पडती. म्हणून मी बी थोडा थोडा वर घेत गेलो."

"रोज?"

"रोज न्हाई... बऱ्यापैकी."

कस्तुरा हसली नाही. तिच्या हातात तो पिवळा स्क्रू-ड्रायव्हर होता आणि तिला कशाची तरी आठवण येत होती. कशाची ते कळेना.

"अण्णा, हा स्क्रू एवढा वर हाय की किल्ली काढली तरी पेट्रोल आत जातंय. बंद पडू नये म्हणून तुम्ही केलंत. आता ती बंदच होत न्हाई."

तिनं स्क्रू खाली घ्यायला सुरुवात केली. पाव फेरा. इंजिनाचा आवाज उतरला. आणखी पाव. गाडी थरथरायला लागली, अंगात ताप भरल्यासारखी.

"पडंल, पडंल," मगदूम अण्णा पुढं सरसावले. "बंद पडंल ती."

"पडू दे."

गाडी बंद पडली. मगदूम अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"आता खरा दोष बघू," कस्तुरा म्हणाली.

तिनं कार्बोरेटर खोलला. आत पितळेचा एक जेट असतो, सुईच्या नेढ्याएवढ्या भोकाचा. गाडी जागेवर उभी राहून चालू असताना पेट्रोल त्यातूनच येतं. तिनं तो काढून उन्हात धरला. पलीकडचं काही दिसत नव्हतं. टाकीतली बारीक माती बसून भोक बुजलं होतं. एवढंच. दोन महिने एका माणसाची झोप उडवणारा दोष मोहरीएवढा होता, आणि तो काढायच्या ऐवजी सगळ्यांनी मिळून त्याच्यावर स्क्रू चढवला होता.

तिनं तोंडानं फुंकर मारली. पेट्रोलमध्ये बुडवून पुन्हा मारली. उजेड आरपार आला.

जोडाजोडी झाल्यावर तिनं गाडी सुरू केली. इंजिन आता हळू बोलत होतं, पण न अडखळता. तरीही ती खाली उतरली नाही. थंड इंजिन कुणाचंही बंद होतं, त्यात शहाणपण नाही. मगदूम अण्णांना शेजारी बसवून तिनं गाडी पंढरपूर रस्त्यानं चांगली चार मैल पळवली, तापवली, आणि परत आणून चिंचेखाली उभी केली.

हणमंत बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. बॉनेट चांगलं तापलं होतं.

कस्तुरानं किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. एकदम. न खोकता.

इंजिनाचा आवाज गेल्यावर चिंचेवरच्या चिमण्या ऐकू आल्या. मगदूम अण्णांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही ठाऊक नसावं.

कस्तुरा गाडीतून उतरली. आत वस्ताद स्टुलावर पाठमोरे बसून पाना पुसतच होते. ती थांबली. आता ते वळतील. आता म्हणतील, ये.

फडकं पान्यावरून फिरत राहिलं...

"राहू दे कस्तुरा," वस्ताद मागं न वळता म्हणाले. "चालूच हाय अजून. आज न्हाई जमायचं ते. उद्या बघू."

चिमण्या ओरडत होत्या. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं.

हणमंताचं तोंड उघडं राहिलं. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग वस्तादांच्या पाठीकडे. मगदूम अण्णांनी मान खाली घातली. म्हातारा माणूस, त्यांना लगेच समजलं.

कस्तुराला वाटलं आपण धावत जाऊन आत काहीतरी आपटावं, काहीही, म्हणजे वस्ताद दचकतील आणि ही माणसं समजतील की ऐकू येतं. इतकी तिला त्या क्षणी त्यांची दया आली. आणि त्याच क्षणी तिला आठवलं, मघाशी कशाची आठवण येत होती ती.

उद्या बघू. पावसाळा जाऊ दे. लॉऱ्यांचं काम उरकू दे.

पाव फेरा. आणखी पाव.

ती आत गेली. स्टुलाला वळसा घालून वस्तादांच्या समोर उभी राहिली, तिचे ओठ दिसतील अशी. हळू बोलावं असं तिच्या मनात होतं. पण हळू बोललेलं त्यांना ऐकू येणार नव्हतं, आणि मोठ्यानं बोललेलं अंगणात जाणार होतं. तिला दुसरी वाट नव्हती. ती मोठ्यानं बोलली.

"वस्ताद. गाडी कवाच बंद झाली."

वस्तादांचं फडकं थांबलं.

त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं. गाडी. बॉनेटवर हात ठेवलेला हणमंत. हणमंताचा चेहरा.

...

"दोष सापडला," कस्तुरा म्हणाली. "सांगू?"

वस्ताद तिच्या ओठांकडे बघत होते.

"गाडीत काय न्हाई. एक बारका जेट बुजला होता. काढला असता तर पाच मिनिटांचं काम. पण मालकाला भ्या वाटलं, ही बंद पडंल. म्हणून स्क्रू वर घेतला. थोडा थोडा. आता मालकालाच ती आवरंना."

"हं."

"अण्णांचं झालं हे. आता तुमचं."

हणमंत दारात आला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माझा हात जड नव्हता. पावसाळा, लॉऱ्या, लग्नं, सगळ्या सबबी. तुमचा कान बुजला. मी गेले तर हे गॅरेज बंद पडंल, याचं भ्या वाटलं तुम्हाला. हणमंत गेला तर बंद पडत न्हाई, म्हणून त्याला दोन वर्षांत पाना. मी कान होते. कान कोण सोडंल?"

ती स्टुलाच्या आणखी जवळ सरकली.

"कान गेला म्हणून माणूस वस्ताद राहत न्हाई व्हय? तेवढं मला एकदा बोलला असता, कस्तुरा, मला ऐकू येत न्हाई, थांब. मी आणखी सात वर्षं थांबले असते. खुशीनं थांबले असते. सांगून ठेवायचं होतं वस्ताद. फसवून ठेवलंत."

भिंतीवरचे बाराही खिळे रिकामे होते. बारावा पाना वस्तादांच्या मांडीवर.

"कधीपासनं ठाऊक हाय तुला?" वस्तादांनी विचारलं.

"तीन वर्षं."

"बोलली न्हाईस."

"तुम्ही कुठं बोललात?"

...

वस्तादांनी मान डोलावली. दोष बरोबर सांगितला की ते शागिर्दांपुढं डोलावत तशीच. त्यात कमी नव्हतं, जास्त नव्हतं.

"कानात एक इंजिन बसलंय," ते म्हणाले. "सगळं बंद केलं, शटर ओढलं, निजलो, तरी चालूच असतंय. मघाशी मला वाटलं, ही गाडीच हाय."

कस्तुरानं त्यांच्या कानाकडे पाहिलं.

पण पाय मागं घ्यायला ती आली नव्हती. तिनं वाकून वस्तादांच्या मांडीवरचा पाना उचलला. कुणी दिला नव्हता. या वेळी तिनं मागितलाही नव्हता. त्या गॅरेजात असं आजवर घडलं नव्हतं, आणि हणमंत दारातच जागच्या जागी थिजला.

"हा मी घेते," ती म्हणाली. "देताय म्हणून न्हाई."

वस्तादांनी तिचा हात धरला नाही. त्यांनी फक्त फडकं पुढं केलं, कारण पान्याच्या एका खाचेत अजून थोडी ग्रीस होती. तिनं फडकं घेतलं. तीनही खाचा पुसल्या. फडकं परत केलं.

मग वस्तादांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. अर्धा पेढा. उकाड्यानं कागदाला चिकटला होता.

"सकाळपासनं ठेवलाय," ते म्हणाले. "द्यायचा कसा ते कळंना."

तिनं तो तोंडात टाकला आणि निघाली. बाहेर मगदूम अण्णा गाडीशी उभे होते. ते दबकत म्हणाले, "ताई, हेडमधला कार्बन काढायला पुढच्या महिन्यात गाडी शिरोळ रस्त्याला आणली तर चालंल न्हवं?" तिनं हो म्हटलं. त्यांचा पिवळा स्क्रू-ड्रायव्हर तिच्या खिशात होता. तो तिनं परत केला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.

फाटकापाशी ती थांबली.

पुढं शिरोळ रस्ता होता, चौकटीतला गंजलेला खिळा होता. मागं वळून पाहिलं तर चिंचेखाली जॅकवर चढवलेली लॉरी होती. उद्या सकाळी दहाला तिचा मालक येणार होता. लॉरीत बेअरिंगचा आवाज होता. तो आवाज वस्तादांना ऐकू येणार नव्हता, आणि हणमंत तर उद्या पहाटेच आपल्या गावी जाणार होता.

पाना घेताना जी छाती पुढं होती ती जरा आत गेली. तिला स्वतःचाच राग आला. पण विचारल्याशिवाय तिचा पाय उचलेना. वस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाटेवर येऊन बसले होते. त्यांना दिसेल असं तोंड करून तिनं तिथूनच विचारलं,

"उद्यापासनं इथं कोण ऐकणार? हे बंद पडलं तर?"

वस्तादांनी तिच्या ओठांवरून प्रश्न वाचला. हातातला लांब स्क्रू-ड्रायव्हर खाटेखाली सरकवून दिला.

"बंद पडल्यालं चालू करायला येतंय मला, पोरी," ते म्हणाले. "चालू असल्यालं बंद करायचं... तेवढं जमत नव्हतं."